न हलणारा ठिपका

मी मूळची बडोद्याची, फतेगंजात वाढलेली. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअर इंजिनिअरची. गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा मावसभाऊही आला होता. तो महाराष्ट्रातल्या एका छोट्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकतोय.

गच्चीवर चहा घेताना हरणी विमानतळाकडे जाणारं एक विमान दिसलं. तो म्हणाला, "इथे टॉवर सांगतो, कोणी कधी उतरायचं. आमच्याकडे टॉवरच नाही."

"अगं बाई! मग आदळत कशी नाहीत रे एकमेकांवर?" आईने विचारलं.

त्याने कॅरम बोर्ड आणला. एक कड म्हणजे धावपट्टी. उडायचं, डावीकडे वळायचं, पुन्हा डावीकडे वळून धावपट्टीला समांतर उलट जायचं, मग आणखी दोन वळणं घेऊन उतरायचं. उंची साधारण हजार फूट. याला सर्किट म्हणतात. सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचं आणि ठरलेल्या जागी रेडिओवर सांगायचं : मी कोण, कुठे आहे, पुढे काय करणार. उतरताना खालच्या विमानाचा हक्क पहिला. पण नंबर लावण्यासाठी मुद्दाम कोणाच्या पुढे खाली घुसायचं नाही.

सोंगट्या फिरताना पाहून मला माझं ऑफिस आठवलं. मध्यवर्ती सर्व्हर नाही, प्रत्येक जण आपली स्थिती बाकीच्यांना कळवतो. "छान रचना आहे!" मी म्हटलं.

"ताई, आणि एखाद्याने कळवलंच नाही तर?"

मग त्याने आईसमोर आधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. तो उतरण्याच्या शेवटच्या वळणावर होता. रेडिओ शांत. तेवढ्यात शिक्षकांनी विमान आपल्या हातात घेतलं आणि वर उचललं. बाहेरून आलेलं एक विमान सर्किट न करता सरळ धावपट्टीकडे येत होतं, चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर बोलत. तो बोलत होता, पण यांना ऐकू येत नव्हतं.

"रेडिओ शांत म्हणजे आकाश रिकामं, असं धरायचं नाही," तो म्हणाला. "वळण्याआधी त्या बाजूचा पंख जरा उचलून बघायचं, कारण वळताना तोच पंख आड येतो. आणि काचेत सरकणारं विमान बहुधा पुढून किंवा मागून निघून जातं. जो ठिपका एकाच जागी राहून मोठा होतो, तो तुमच्यावर येत असतो. डोळा हलणारं पटकन टिपतो, न हलणारं सुटतं. म्हणून आकाशाचा एकेक तुकडा थांबून बघायचा."

टॉवर असला की काळजी नाही, असंही नाही. १२ नोव्हेंबर १९९६ला चरखी दादरीवर दोन मोठी विमानं धडकली, ३४९ माणसं गेली. दोन्ही दिल्लीच्या नियंत्रकाशी बोलत होती. पण एक ठरलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरलं होतं.

आई उठून कप घेऊन आत गेली. भाऊ हळूच म्हणाला, "मावशी लंगडतेय का गं?"

मी दोन दिवस घरात होते. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

विचारल्यावर कळलं, तीन आठवड्यांपूर्वी ती न्हाणीघरात घसरून पडली होती. "तू एवढ्या लांब, उगाच जिवाला घोर कशाला?" म्हणून बोलली नाही. त्या तीन आठवड्यांत रोज रात्री साडेनऊला तिचा मेसेज येत होता, नेहमीचाच : 'सर्व ठीक. जेवले.' मी अंगठा दाखवून झोपत होते.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. हाड शाबूत होतं, मुका मार होता. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला.

आता रात्री साडेनऊला मी व्हिडिओ कॉल करते. आणि सांगते, "आई, जरा स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखव बघू."

ती चिडते. पण चालते.