टेपवरची ती रात्र आणि तबकडीवरचे दहा राग

१/
गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याने एक छायाचित्र पाठवले. तबकडी नवी कोरी, पण वेष्टन मुद्दाम जुनाट केलेले: कडा पिवळसर, कोपऱ्यावर किमतीचा छापील शिक्का, मधोमध घासल्याचा गोल व्रण. आत डिस्को आणि पंक-फंक. खाली त्याने लिहिले होते, "मामा, तुमच्या काळातलं वाटतं ना?" आजचा धागा त्या प्रश्नातून निघाला. नेहमीपेक्षा तो थोडा खासगी आहे. वाचक सांभाळून घेतील अशी आशा.

२/
आधी तो काळ पाहू. डिस्को वाढले न्यूयॉर्कच्या तळघरांत आणि क्लबांत; कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी तरुणांच्या सोबतीने. पुढे ते इतके बोकाळले की त्याचा राग येणारेही तितकेच झाले. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवण्यात आली. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊच शकला नाही.

३/
संगीत मात्र स्फोटाने संपत नाही. न्यूयॉर्कमध्ये पंकचा खरखरीतपणा आणि फंकचा ठेका एकत्र येत होते. ब्रॉन्क्समधल्या स्क्रॉगिन्स भगिनींचा 'ईएसजी' हा वाद्यवृंद, 'लिक्विड लिक्विड' हा दुसरा. मोजकी वाद्ये, पुढे आणलेला बास, एकच आवर्तन पुन्हा पुन्हा. भाच्याच्या तबकडीचे कूळ हे.

४/
आपल्याकडे डिस्को चित्रपटातून आले. १९८०च्या 'कुर्बानी'मध्ये बिद्दू यांच्या संगीतावर नाझिया हसन गाऊन गेली, तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. १९८१ मध्ये 'डिस्को दीवाने', १९८२ मध्ये बप्पी लाहिरींचा 'डिस्को डान्सर'. त्यानंतर वरातीपासून गणपतीच्या मांडवापर्यंत दुसरे काही वाजेना.

५/
त्याच १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक एक वेगळीच तबकडी ध्वनिमुद्रित करत होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार, बास आणि कळफलकाची वाद्ये वाजवणारा हा माणूस. गाणी सर्वांना पाठ, वादकाचे नाव कुणाला ठाऊक नाही, अशा जातीचा. सगळीकडे डिस्कोच चालले आहे तर त्या ठेक्यावर राग वाजवून पाहू, एवढाच त्यांचा विचार होता. तबकडीचे नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट'. प्रकाशक ग्रामोफोन कंपनी, म्हणजे आपले एचएमव्ही.

६/
वाद्ये तीन, तिन्ही जपानच्या रोलँड कंपनीची: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बासयंत्र. यांपैकी ३०३मध्ये एका आवर्तनाची १६ घरे असतात. प्रत्येक घरात एक स्वर भरायचा, की यंत्र ते आवर्तन थकवा न येता फिरवत राहते. सोळा घरे, चार-चारांचे चार गट. तीनताल शिकलेल्या माणसाला ही मांडणी परकी वाटायला नको. तबकडीत तीनताल नाही, ठेका डिस्कोचाच आहे. पण ललत, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस त्या चौकटीत अवघडून बसलेले वाटत नाहीत.

७/
तबकडी चालली नाही. ३०३ हे यंत्रही चालले नाही. एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी म्हणून ते १९८१च्या अखेरीस बाजारात आले. त्याचा आवाज खऱ्या बाससारखा नव्हता, म्हणून १९८४ मध्ये बंद झाले. मग जुन्या मालाच्या दुकानांत ते स्वस्तात मिळू लागले आणि शिकागोच्या पोरांच्या हाती लागले. 'फ्यूचर' या गटाने त्याच्या कळा उलटसुलट फिरवून चिरकणारा, वळवळणारा आवाज काढला. १९८७च्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'पासून 'अ‍ॅसिड हाउस' हा प्रकार मानला जातो. तबकड्या उडवल्या त्याच शहरात, आठ वर्षांनी.

८/
एडो बाउमन या डच संग्राहकाला सिंग यांची तबकडी भारतातल्या जुन्या बाजारात सापडली. २०१० मध्ये त्याच्या 'बॉम्बे कनेक्शन'ने ती पुन्हा काढली आणि पाश्चात्त्य श्रोते चक्रावले: शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत हा आवाज? 'अ‍ॅसिड हाउसचा जनक' अशी पदवीही काहींनी सिंगना देऊन टाकली. ती घाई होती. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकून काही केले, असा पुरावा नाही. एकाच यंत्राला दोन शहरांत दोन माणसांनी एकमेकांच्या नकळत बोलते केले, इतकेच खरे. सिंग यांनी अखेरच्या वर्षांत युरोपात हे राग रंगमंचावर वाजवले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

९/
असेच भाग्य रूपा विश्वास यांच्या 'डिस्को जॅझ'चे. कॅनडातल्या कॅलगरीत ध्वनिमुद्रण, साथीला आशिष खाँ यांचा सरोद, साल पुन्हा १९८२. तीही विस्मृतीत गेली आणि २०१९ मध्ये शिकागोच्याच 'न्यूमेरो ग्रुप'ने नव्याने काढली.

१०/
आता माझ्या गावाकडे येतो. हरसूल, त्र्यंबकेश्वर तालुका, गुजरातच्या सीमेकडे जाणारी वाट. कोकणा, वारली, महादेव कोळी यांचा मुलूख. पावसात भात, नागली, वरई. संगीताला इथे कधी तोटा नव्हता. बोहाड्याच्या सोंगांपुढे संबळ, डोंगरदेवाला पावरी, पीक घरात आले की भोपळा आणि बांबूच्या नळ्यांचा तारपा. आणि रात्रीच्या कथांना थाळ.

११/
थाळ ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी: धातूच्या थाळीत मेणाने एक काडी उभी करतात आणि ती बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली सरकवत राहतात. थाळी घुमू लागते. तो आवाज ना तंबोऱ्याचा ना भुंग्याचा, दोन्हींच्या मधला. त्या घुमाऱ्यावर कथा सांगितली जाते, तासन्‌तास.

१२/
माझे वडील, दादा, प्राथमिक शिक्षक. १९८३च्या सुमारास त्यांनी टू-इन-वन घेतला. त्या थंडीत ते मला घेऊन जवळच्या पाड्यावर गेले. थाळ लावणारे बाबा तेव्हाच सत्तरीचे होते. त्यांनी कणसरीची कथा लावली. कणसरी म्हणजे धान्याची देवी, जिचा मान राखला नाही तर कणग्या रिकाम्या होतात. दादांनी साठ मिनिटांच्या कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या. घरी आल्यावर तिच्या पाठीमागचे दोन प्लास्टिकचे तुकडे चिमट्याने तोडले. ते तोडले की रेकॉर्डचे बटण दाबले जात नाही आणि आतले पुसले जात नाही.

१३/
मी सातवीत होतो. कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते आणि रेडिओवर 'डिस्को डान्सर'ची गाणी लागत होती. तुटलेल्या तुकड्यांच्या खाचेवर चिकटपट्टी लावली की बटण पुन्हा दाबले जाते, हे मला वर्गातल्या एकाने शिकवले होते. दादा तालुक्याच्या मीटिंगला गेले होते. मी चिकटपट्टी लावली.

१४/
नकळत झाले असे मी आजवर सांगत आलो. खाचेवर पट्टी नकळत लागत नाही.

१५/
दादांना ते दिवाळीत कळले. त्यांनी कॅसेट लावली, दोन गाणी पूर्ण ऐकली, बंद केली. मला काही बोलले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पाड्यावर जाऊ असे आईला म्हणाले. त्याआधीच, पावसाळ्यात, थाळवाले बाबा वारले. त्यांच्या मुलांपैकी कुणी थाळ हाती धरला नव्हता.

१६/
म्हणून भाच्याचे छायाचित्र पाहताना मला तो छापील घासल्याचा व्रण खुपला. आठवण ठेवण्याची हौस जगाला आहे आणि ती चांगलीच आहे. पण सिंग यांचे राग परत आले ते गुणांच्या बळावर नव्हे, निदान केवळ गुणांच्या बळावर नव्हे. कारखान्यात प्रती निघाल्या होत्या, म्हणून न खपलेली एखादी प्रत कुठल्याशा दुकानात धूळ खात उरली. बाबांच्या कथेची प्रत एकच होती, आणि ती माझ्या हातात पडली.

१७/
दहा रागांची नवी तबकडी मी मागवली. परवा दादांना ऐकवली. ते आता नव्वदीला टेकलेत. तोडी संपेपर्यंत डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "खाली जे एकसारखं चाललंय ना, ते थाळासारखं आहे. फक्त थाळवाला मधे श्वास घ्यायला थांबायचा." मी म्हणालो, "दादा, ती कॅसेट मी मुद्दाम पुसली होती." ते म्हणाले, "पट्टी मीच काढली होती नंतर. मला माहीत नसेल का?"

१८/
त्यानंतर त्यांनी कथेतले जे आठवले ते सांगितले. सलग नाही, तुकड्यातुकड्याने, अकरा मिनिटे. मी फोनवर घेतले आणि तीन ठिकाणी ठेवले.

१९/
तुमच्या घरी ट्रंकेत जुन्या कॅसेट असतील. त्यावर आजीच्या ओव्या असतील, गावचे भारूड असेल, कुणाचा नुसता आवाज असेल. लावण्याआधी पांढरी बुरशी दिसते का पाहा. दिसली तर लावू नका, जाणकाराकडे द्या. ठीक असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेली फीत सुटते. यंत्राचे हेड साफ करा. पहिल्याच वेळी प्रत काढा, कारण दुसरी वेळ मिळेलच असे नाही.

२०/
आणि मागचे दोन तुकडे शाबूत असतील, तर ते आधी तोडा. घरात सातवीतली मुले असतात.