शिखरजीची वाट आणि सत्तरीतले पाय

दिवाळी सरली की दक्षिण महाराष्ट्रातील जैन घरांत एक विषय हमखास निघतो : यंदा शिखरजीचा संघ कधी निघणार? सांगली-कोल्हापूरकडच्या गावांत जिनमंदिराच्या ओसरीवर वही उघडली जाते आणि नावे पडू लागतात. त्यांत पहिली दहा-बारा नावे बहुधा पासष्टीच्या पुढची असतात. तरुणांना रजा मिळवायची असते, परीक्षा असतात. वडीलधाऱ्यांना मात्र एकच चिंता असते, की पाय अजून चालत आहेत तोवर वंदना घडावी. वाचकहो, हा लेख त्या वहीत नाव घातलेल्यांसाठी आहे. ते नाव वाचून ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्या मुला-सुनांसाठीही आहे.

झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातील पारसनाथ पर्वत म्हणजेच श्री सम्मेदशिखर. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस येथून मोक्षास गेले, अशी श्रद्धा आहे. उरलेल्या चौघांची निर्वाणस्थाने कैलास, चंपापुरी, गिरनार आणि पावापुरी. भोवतालचे संथाळ लोक याच पर्वताला मरांग बुरू म्हणून पूजतात. पर्वताची उंची सुमारे १,३६५ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहूनही कमी. त्यामुळे विरळ हवेने डोके दुखेल, श्वास कोंडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. तो त्रास सहसा अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. येथे कस लागतो तो अंतराचा. नऊ किलोमीटर चढण, वर टोंकांवरून फिरताना नऊ किलोमीटर आणि नऊ किलोमीटर उतार, असा सत्तावीस किलोमीटरांचा हिशेब परंपरेने सांगितला जातो. तोही अनवाणी, बहुतेकांचा उपाशीपोटी आणि एका दिवसात.

पायथ्याच्या मधुबनात रात्री दोनच्या सुमारास धर्मशाळा जाग्या होतात. बॅटऱ्यांचे ठिपके एकामागून एक अंधारात शिरतात, काठ्यांचा ठक् ठक् आवाज आणि णमोकार मंत्राचा मंद घोष सोबत चालतो. गंधर्व नाल्यापाशी वाट दुभंगते. एक फाटा शीतल नाल्यावरून गौतमस्वामींच्या टोंकेकडे चढतो, तर दुसरा पार्श्वनाथांच्या टोंकेकडे. बहुतेक यात्रेकरू पहिल्याने चढतात आणि सर्व टोंका करून दुसऱ्याने उतरतात. वर पोहोचेपर्यंत पूर्व उजळते. खाली झाडी, झाडीत अडकलेले धुके, आणि लहानशा घुमटीत पाषाणावर कोरलेली चरणचिन्हे. येथे भव्य मूर्तींची रांग नाही, नुसती पावले आहेत. ती पाहायला आपण आपली पावले झिजवत आलेलो असतो. चंद्रप्रभूंची टोंक एका बाजूला दूर आहे आणि तिच्याकडे जाणारी वाट उभी आहे. ‘तेवढी एक राहू द्या’ असे तिच्यापाशी कुणाला सांगून पाहा. कुणीही ऐकत नाही.

डोंगरावर पर्यटनाचा बाजार नको म्हणून समाजाने आवाज उठवला आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. ते योग्यच झाले. मात्र वर सोयी मोजक्याच असणार, हे संयोजकाने गृहीत धरले पाहिजे. मोठ्या उपचारांसाठी गिरिडीह किंवा धनबाद गाठावे लागते. म्हणून संघासाठी एक वाहन आणि त्याचा चालक वंदनेच्या दिवशी मधुबनातच थांबलेले असावेत. त्या दिवशी ते वाहन इतर दर्शनाला पाठवू नये.

संघ ठरवताना भोजनाचा आचारी आणि रेल्वेची तिकिटे यांवर जितकी चर्चा होते, तिच्या निम्मीही कोण चढणार यावर होत नाही. ती निघण्यापूर्वी दोन-अडीच महिने व्हावी. पूर्ण वंदना पायी करणारे, डोलीने जाणारे आणि मधुबनातील जिनालयांत पूजा-जप करत थांबणारे, अशा तीन याद्या गावातच तयार असाव्यात. रात्री दोन वाजता, थंडीत, इतर सगळे निघत असताना घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो. ती भीड असते. कुणाला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, कुणाची अँजिओप्लास्टी झाली आहे, कुणाला रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे, हे संयोजकाला ठाऊक असले पाहिजे. अशा सर्वांनी आपल्या डॉक्टरांना ‘यात्रेला जाऊ का?’ एवढेच विचारू नये. ‘सत्तावीस किलोमीटर, अनवाणी, पहाटे तीनपासून, बहुधा काही न खाता’ असे नेमके सांगून विचारावे. उत्तर बदलते, असा माझा अनुभव आहे.

सराव गावातच होतो. कुंभोजजवळच्या बाहुबली डोंगराच्या पायऱ्या आठवड्यातून दोनदा चढाव्यात. नाशिककडच्यांना गजपंथ आहे. चढताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येते का, हे पाहावे. दोन शब्दांनंतर दम घ्यावा लागत असेल, तर वेग कमी करावा. सपाटीवरही तसेच होत असेल, तर डोलीच्या यादीत नाव घालावे. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावर होते, कारण तेथे प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार मांडीच्या स्नायूंना आवरून धरावा लागतो. ‘चढून झाले, आता काय, उतरायचेच’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. ते म्हणणारे दुपारी चारला धर्मशाळेच्या तीन पायऱ्यांपाशी अडून बसलेलेही पाहतो.

गया-धनबाद मार्गावरचे पारसनाथ हे जवळचे स्थानक. आपल्याकडून तेथपर्यंतचा आगगाडीचा प्रवास लांबचा आहे. त्यात पाय लोंबकळत राहून घोटे सुजतात, पाणी कमी प्यायले जाते, पोट साफ होत नाही. म्हणून दर दोन तासांनी उठून डब्यात फेरी मारावी आणि मधुबनात पोहोचल्यावर एक पूर्ण दिवस विश्रांतीला ठेवावा. तिकिटांच्या सोयीसाठी हाच दिवस कापला जातो. तो कापू नये.

आता सर्वांत नाजूक विषय : व्रत आणि औषध. आपल्या घरांतील अनेक ज्येष्ठ सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत, आणि पर्वतावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही असा कित्येकांचा नियम असतो. म्हणजे आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोट रिकामे, आणि मधल्या काळात आयुष्यातले सर्वांत मोठे चालणे. निरोगी माणूस हे निभावून नेतो. पण मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणारा माणूस सवयीने पहाटे गोळी घेऊन निघाला, तर वाटेतच साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, बोलणे असंबद्ध होणे किंवा माणूस विनाकारण चिडणे, ही तिची लक्षणे. अंधारात आणि थंडीत सोबत्यांना ती थकव्याची वाटतात. साखर ७० च्या खाली गेली असेल, किंवा मोजायचे यंत्र जवळ नसताना ही लक्षणे दिसली, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटे बसवून पुन्हा पाहावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

वंदनेच्या दिवशी औषधाची मात्रा किती आणि वेळ कोणती, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. मनाने गोळी बंदही करू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल, तर तिचेही विचारावे. पुष्कळ वृद्ध स्त्रिया वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून आदल्या दिवसापासूनच पाणी तोडतात. त्या बोलून दाखवत नाहीत; सुनेने किंवा लेकीने आपणहून विचारले पाहिजे. आणि ज्यांना उपाशी राहणे झेपणार नाही, त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या गुरूंकडे, मुनिमहाराजांकडे किंवा माताजींकडे जाऊन प्रकृती सांगावी आणि नियमाची मर्यादा ठरवून घ्यावी. शक्तीनुसार त्याग ही आपल्या परंपरेचीच शिकवण आहे. डोंगरावर अर्ध्या वाटेत मुलाने खडीसाखर पुढे करायची आणि आईने तोंड फिरवायचे, यात दोघांचेही हाल होतात. हाच शब्द घरी, महाराजांच्या तोंडून आला, तर आई तो मानते. उकळलेले पाणी थर्मासमध्ये सोबत असावे. उजाडल्यावर घ्यायचे असेल तरी ते असावे.

अनवाणी चालण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो. जुन्या मधुमेहात तळव्यांची संवेदना जाते. खडा रुतला, कातडी फाटली, तरी कळत नाही आणि आठ दिवसांनी घरी जखम चिघळलेली सापडते. अशांनी जाड कापडी मोजे घालावेत, आणि खाली आल्यावर दुसऱ्या कुणीतरी त्यांचे तळवे उजेडात नीट पाहावेत. बोटांच्या बेचक्यांतही पाहावे.

डोलीविषयी मनात मोठी अढी असते. डोलीचे भाडे वजनावर ठरते. चारचौघांत काट्यावर उभे राहण्याचा संकोच वाटून काही आजी तेथूनच माघारी फिरतात. एका आजींचा आक्षेप मात्र याहून खोल होता. ‘दुसऱ्याच्या खांद्याला भार देऊन पुण्य कसलं रे? ती हिंसाच की,’ असे त्यांनी आपल्या मुलाला विचारले. त्याच्याकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही शास्त्रातले उत्तर नाही. एवढे मात्र दिसते, की डोलीवाले आसपासच्या गावांतले आहेत, या कामावर त्यांची चूल पेटते, आणि यात्रेकरू डोंगरात अर्धमेला होऊन पडला तर अखेर त्यांनाच त्याला खांद्यावर घ्यावे लागते. तेव्हा ठरलेल्या भाड्यात घासाघीस करू नये, विसाव्याला त्यांना बसू द्यावे, उभी चढण आली आणि पायांत बळ असेल तर चार पावले उतरून चालावे. त्या आजींनी हेच केले. प्रत्येक टोंकेपाशी अलीकडे उतरून, काठी टेकत, त्या पायी दर्शनाला गेल्या.

छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, बसल्यावरही न थांबणारा दम, यांपैकी काहीही जाणवले तर वंदना तेथेच थांबवावी. अशा माणसाला चालवत खाली आणू नये; डोलीतूनच आणावे आणि मधुबनातल्या वाहनचालकाला लगेच फोन करावा.

शेवटचा प्रश्न सांभाळणाऱ्यांचा. सासूबाई मधुबनात थांबल्या म्हणून सूनही थांबते, आणि तिची वंदना राहिली याची नोंद कुणी घेत नाही. मागच्या खेपेलाही तीच थांबली होती, हेही कुणाच्या लक्षात नसते. म्हणून संघाने मधुबनात दोन दिवस वंदनेसाठी धरावेत. पहिल्या दिवशी अर्धे जण चढतील आणि अर्धे ज्येष्ठांपाशी राहतील; दुसऱ्या दिवशी पाळी बदलेल. ज्येष्ठांच्या औषधांची यादी, वेळा आणि घरच्यांचे फोन क्रमांक एका कागदावर लिहून त्यांच्याच खिशात किंवा बटव्यात ठेवले, तर शेजारच्या खोलीतले काकाही त्यांच्यावर लक्ष ठेवू शकतात. पाळीची यादी गाडीत बसण्यापूर्वीच वाचून दाखवावी, आणि त्यात सुनांची नावे पहिल्या दिवसाच्या रकान्यात घालावीत. दुसऱ्या दिवशी पाऊस, ताप किंवा कुणाचा तरी सुजलेला गुडघा आडवा येतोच.