पाचोडची कोजागरी

आमच्या पाचोडला रविवार म्हणजे बाजाराचा दिवस. संभाजीनगरहून – आमच्या लहानपणीच्या औरंगाबादहून – बीडच्या सडकेने पन्नास-पंचावन्न किलोमीटर गेले की हे गाव लागते. मुलूख कपाशीचा आणि मोसंबीचा. सहा दिवस रानात राबणारी माणसे रविवारी बाजारात भेटतात, घासाघीस करतात, भजी खातात, सोयरिकीसुद्धा जुळवतात. अशा गावात वाढलेल्या मुलाला, जगात काही ठिकाणी रविवारी मीठही विकत मिळत नाही, हे आधी कुणी सांगायला हवे होते? अर्थात मी! मी त्याचा काका, आणि वर मराठीचा प्राध्यापक. पण ते मलाच ठाऊक नव्हते.

गेल्या वर्षी माझा पुतण्या पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीतल्या आखेनला गेला. बेल्जियम आणि हॉलंडच्या सीमेला खेटून असलेले हे शहर. तिथले तंत्रविद्यापीठ मोठे नावाजलेले. त्याने जावे हा आग्रह माझाच. दादा कचरत होता, कारण बँकेचे मोठे कर्ज काढावे लागणार होते. "अरे, मी आहे ना!" असे मी ऐटीत म्हटले होते. प्राध्यापकाच्या 'मी आहे ना'ची किंमत किती, हे वाचकांना सांगायला नकोच.

कोजागरीच्या दोन दिवस आधी मी पाचोडला गेलो, तर घर अगदी गप्प. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तो परत यायचं म्हणतोय."

संध्याकाळी फोन लावला. त्या दिवसांत जर्मनीचे घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. तिकडे भर दुपार होती, पण पोराचा चेहरा तिन्हीसांजेसारखा.

"काका, शनिवारी रात्री पोचलो. रविवारी सकाळी दुकान शोधायला निघालो, तर सगळी बंद. रस्त्यावर माणूस नाही. रविवारी आवाजसुद्धा करायचा नसतो म्हणे. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकलो. आईचे धपाटे होते म्हणून निभावलं."

"पण आता दुकानं उघडली असतील की!"

"उघडलीत. सगळं मिळतं. पण घरचा फोन सोडला, तर दिवसदिवस माझ्या तोंडून शब्द निघत नाही, काका."

मी लगेच व्याख्यान सुरू केले. सवयच ती! १८८३ सालच्या जूनमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा ओळखीचे कोण होते? पत्रांतून जडलेल्या एका नात्याच्या आधारावर त्या गेल्या. रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरी नेले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. पहिल्या वसतिगृहातले जेवण त्यांना मानवेना. त्यांनी जागा बदलली. पुढे नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर ते राहिले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली आमच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले.

पोराने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, त्यांना मावशी भेटल्या. त्यांना भथेना भेटले. मला कोण भेटलंय?"

मी निरुत्तर झालो. वर्गात असा प्रश्न आला की मी घड्याळाकडे पाहतो. इथे पाहण्याची सोय नव्हती. मग जे घरात कधी कुणाला सांगितले नव्हते, ते सांगून टाकले. अकरावीला मला शहरातल्या वसतिगृहात ठेवले होते. चौथ्या दिवशी मी एस्.टी.ने पळून पाचोडला आलो. वडील रागावले नाहीत. सकाळच्या गाडीत स्वतः बसवून आले, एवढेच. पंचावन्न किलोमीटरवरचे शहर मला परदेशच होते.

"तुम्ही? पळून?" पोरगा हसला. कितीतरी दिवसांनी हसला, असे वहिनी मागाहून म्हणाल्या.

"तुझ्या मजल्यावर कोण राहतं?"

"एक इथिओपियाचा आहे. जाता-येता मान हलवतो."

"परवा कोजागरी आहे. दूध आटव आणि त्याला एक पेला नेऊन दे."

कोजागरीला दादाने अंगणात चूल मांडली. वहिनींनी नऊ वाजता फोन लावला, दहाला लावला, अकराला लावला. तो उचलेना. वहिनींचे दुधाकडे लक्ष नव्हते. दादा म्हणाला, "अगं, रोप लावलं की मूळ धरलं का म्हणून रोज उपटून पाहू नये." पण तोही झोपायला गेला नाही. माझ्या तर छातीत धडधडत होते. 'मी आहे ना' म्हणणारा मीच होतो. 'को जागर्ति' या शब्दांवर मी वर्षानुवर्षे वर्गात बोललो आहे. त्यांचा अर्थ त्या रात्री कळला.

दीड वाजता फोन वाजला. एका लहानशा स्वयंपाकघरात पाच-सहा मुले-मुली दाटीवाटीने उभी होती, नाना देशांची. प्रत्येकाच्या हातात कप.

"आई, फोन खोलीतच राहिला होता. एकाला बोलावलं, तर त्यानं सगळ्यांना आणलं. चंद्र काही दिसला नाही. आभाळ आलंय इथे."

वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि विचारले, "साखर बेताची घातलीस ना रे?"

परत येण्याचा विषय त्याने काढला नाही. आम्हीही विचारला नाही.