मांडा फाटतो तेव्हा

संपादकांचा प्रश्न साधा होता : सुटीत खान्देशात येणाऱ्या पाहुण्याने कोणता गोड पदार्थ खाल्ल्याशिवाय परत जाऊ नये? जळगाव जिल्ह्यातलं आमचं यावल म्हटलं की लोकांना केळीच आठवतात, त्यामुळे त्यांना बहुधा केळ्याचं काहीतरी हवं असावं. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण माझं उत्तर एकच : खापरावरची पुरणपोळी, म्हणजे आमचा मांडा. तोही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तूप आणि आमरसासोबत.

गव्हाचं पीठ हा माझा आयुष्यभराचा विषय. तरीही यंदाच्या आखाजीला यावलच्या घरी माझ्या हातांवर एकापाठोपाठ चार मांडे फाटले. ते अजून मनातून जात नाही.

मांडा करताना सैल कणकेच्या दोन पाऱ्यांमध्ये पुरण भरतात, कडा दाबतात, जरासं लाटतात आणि मग दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवत नेतात. शेवटी चुलीवरच्या उपड्या खापरावर अलगद सोडतात. पाहुणे मोबाइल काढतात ते नेमके या वेळी. काढावेत; पण ते पाहतात ते शेवटचं मिनिट असतं. निम्मं काम आदल्या रात्रीच झालेलं असतं.

गव्हात दोन प्रथिनं महत्त्वाची. ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते, ग्लुटेनिनमुळे ती ताण सहन करते. पाणी मिळालं की दोघांची जाळी तयार होते, तिला ग्लुटेन म्हणतात. कोंड्याचे बारीक कण ही जाळी जागोजागी कापतात. म्हणून आमच्याकडे गहू धुऊन, ओलसरच फडक्यात बांधून रात्रभर ठेवतात. ओलाव्याने साल चिवट होते, आतला गाभा मऊ पडतो, आणि दळताना कोंड्याचा चुरा न होता मोठे पापुद्रे निघतात. ते वस्त्रगाळ करताना वर राहतात. मोठ्या रोलर गिरण्यांत गव्हाला दळणापूर्वी असंच पाणी देतात. तिथे त्याला टेम्परिंग म्हणतात आणि त्यावर पुस्तकं आहेत. खान्देशातल्या बायकांच्या फडक्याला असं भारदस्त नाव कुणी दिलं नाही.

इथे मला एका गैरसमजाबद्दल बोललंच पाहिजे. ‘मैद्याशिवाय मांडा होत नाही,’ असं लोक छातीठोकपणे सांगतात. आचारीही सांगतात आणि तसंच करतात. वस्त्रगाळ पीठ मैद्याच्या जवळचं आहे, हे मी नाकारत नाही. दोन्हींतून कोंडा गेलेला असतो. पण घरच्या पिठात थोडे बारीक कण राहतात, दळण ताजं असतं आणि गव्हाचा वास टिकतो. मैद्याचा मांडा ताणायला सोपा, पण निवला की चामट. ‘मग बन्सी गहू वापरा, त्यात प्रथिनं जास्त,’ असंही सुचवलं जातं. प्रथिनं जास्त म्हणजे ताण जास्त, असं नसतं. बन्सीचं ग्लुटेन ताठर असतं, फारसं वाढत नाही. शेवया-कुरडयांना बन्सी उत्तम, मांड्याला लोकवन. हे मी किती वर्षं सांगते आहे!

खापराचंही तसंच. लोखंडी तवा उष्णता एकदम देतो. एवढ्या पातळ पापुद्र्याखालचा गूळ करपतो. माती सावकाश देते. शिवाय खापर घुमटासारखं, त्यामुळे कडा स्वतःच्या वजनाने खाली ओघळून आणखी पातळ होतात. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त मंडक येतात, तेही धुऊन वाळवलेल्या गव्हाचे आणि तापल्या खापरावरचे. आणि मुक्ताईची कथा तर घराघरांत आहे : विसोबाने कुंभारांना खापर देऊ दिलं नाही, म्हणून ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले गेले. त्या मुक्ताईची समाधी आमच्याच जिल्ह्यात, तापीच्या परिसरात आहे. लहानपणी मला त्या कथेतला चमत्कार मोठा वाटायचा. आता वाटतं, खापर नाकारणं म्हणजे एका घराचा सणच नाकारणं होतं.

तर, यंदाची गोष्ट. वेळ नव्हता म्हणून मी गहू ओलवले नाहीत. पीठ दोनदा वस्त्रगाळ केलं, पाणी वाढवलं, कणीक दोन तास मुरू दिली. माझ्या हिशेबाने एवढं पुरायला हवं होतं. चौथा मांडा फाटल्यावर मोठ्या काकूंनी विचारलं, ‘‘गहू वल्ले केले व्हते का रातचे?’’ मी नाही म्हटलं. मला कारण मिळालं होतं, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं.

मग त्यांनी माझ्याच कणकेचा पाचवा उंडा उचलला. तेच कोरडं दळलेलं पीठ, तेच पुरण. त्यांचे हात माझ्यापेक्षा हळू चालले होते, कणीक कुठे थांबते आहे ते पाहत. मांडा कोपराच्या पुढे गेला आणि अखंड खापरावर पडला.

तो उतरल्यावर मी दाराशी नेऊन उजेडात धरला. एकही छिद्र नव्हतं. पुढच्या आखाजीला ओलवलेल्या गव्हाचं आणि कोरडं दळलेलं, अशी दोन्ही पिठं घेऊन काकूंच्या शेजारी बसायचं ठरवलं आहे. त्या वेळी मला पिठाकडे नाही, त्यांच्या मनगटांकडे पाहायचं आहे.