वाइन्समधली वाइन

महाराष्ट्रात ज्या दुकानावर ‘वाइन्स’ अशी ठळक पाटी असते, त्या दुकानात वाइन हा पदार्थ सर्वांत वरच्या फळीवर धूळ खात उभा असतो. पाटीवर त्याचं अनेकवचन का केलं आहे, हे भाषाशास्त्रज्ञांनी शोधावं. जिथे एक वाइन खपत नाही तिथे ‘वाइन्स’ कशा खपणार? पण पुण्यात पाटी शब्दशः घ्यायची नसते. ‘अमृततुल्य’मध्ये जाऊन कोणी अमृत मागत नाही, चहा पितो, पैसे देतो आणि मर्त्यच राहून बाहेर पडतो. तसंच ‘वाइन्स’चं. तिथल्या जाळीतून हात घालून माणसं जे घेतात आणि वर्तमानपत्रात गुंडाळून नेतात, त्याचा द्राक्षाशी दूरचाही संबंध नसतो. असलाच तर उसाच्या मळीशी असतो.

‘बार’ या शब्दाचंही तेच. तंबाखूचा बार भरायचा असतो, लग्नाचा बार उडवायचा असतो आणि फुसका बार आपोआप निघतो. चौथ्या बारला सरकारी भाषेत ‘परमिट रूम’ म्हणतात. कारण 1949 सालचा दारूबंदीचा कायदा आपल्याकडे अजून जिवंत आहे आणि त्याप्रमाणे पिणाऱ्याच्या खिशात परवाना असावा लागतो. म्हणजे संध्याकाळी परमिट रूममध्ये शेंगदाणे खात बसलेली मंडळी कायद्याच्या नजरेतून पाहिली तर दारूबंदीच पाळत असतात, फक्त परवान्याने.

अशा या राज्यात, हडपसरसारख्या ठिकाणी, जिथे वाइन बरी मिळेल, पेल्यावर मिळेल आणि चार माणसांना शेजारी बसून एकमेकांचं बोलणं ऐकू येईल अशी जागा शोधण्याचं काम माझ्याकडे आलं ते आमच्या व्याह्यांमुळे.

व्याही तासगावकडचे द्राक्ष बागायतदार. त्यांच्याकडून दर उन्हाळ्यात आमच्या घरी बेदाण्याचा डबा येतो आणि आमच्याकडून त्यांच्याकडे बाकरवडी जाते. या व्यवहारात आम्ही कायम फायद्यात आहोत. व्याह्यांनी तीस वर्षं द्राक्षं पिकवली, पण द्राक्षाची वाइन कधी ओठाला लावली नाही. सूनबाईच्या मनात ही गोष्ट कुठेतरी सलत होती. कारण 2001 साली सरकारने वाइनसाठी नवं धोरण आणलं, करात सवलती दिल्या, सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क काढलं, तेव्हा व्याह्यांनीही हौसेने दोन एकरांत वाइनची द्राक्षं लावली होती. सुरुवातीची काही वर्षं माल गेला. मग 2009 च्या सुमारास मंदी आली, वाइनवाल्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या आणि गाडी माल न्यायला आलीच नाही. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, आत बिया. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. “पाव्हणं, फुकट वाटलं तरी पोरं थुकून टाकायची,” असं व्याही हसत हसत सांगतात. दोन एकर बाग कुऱ्हाडीने तोडावी लागली, हे मात्र ते सांगत नाहीत. ते सूनबाई सांगते. ती तेव्हा शाळेत होती.

“बाबांना एकदा त्याची चव तरी कळू दे,” ती म्हणाली, “तुम्ही जागा बघून ठेवा.”

हडपसरात हे काम सोपं असायला हवं होतं. हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याने पुढे निघालात की मांजरी लागते आणि मांजरीला 1997 पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. ‘मांजरी मेडिका’ नावाचं रसाचं द्राक्ष तिथेच तयार झालं. नाव ऐकून आमच्या सौ.ला ते जनावरांचं औषध वाटलं, तो भाग वेगळा. तिथेच जवळ वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, जिथे साखरेबरोबर मद्यार्काचाही अभ्यास चालतो. आणखी पुढे गेलात तर पाटसनंतर रोटीच्या बाजूला आणि थेट अकलूजच्या अंगाला माळशिरस तालुक्यात वाइनचे कारखाने उभे राहिलेले. गंमत म्हणजे हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. हडपसरला दोन्ही पालख्यांची फारकत होते. माउलींची पालखी दिवे घाटाकडे वळते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते. त्या वाटेवर टाळ-मृदंगाच्या जोडीने पुढे मागे द्राक्षाचे मांडव लागतील, हे कोणाच्या ध्यानीमनी नसणार. शासनाने समतोल राखलेला आहे : आषाढी एकादशीला सगळीकडे कोरडा दिवस.

म्हणजे द्राक्ष इथे, त्याचं शास्त्र इथे, कारखान्याचा रस्ता इथून. फक्त पेला इथे मिळत नव्हता.

शोधाची सुरुवात मी गाडीतळापासून केली. गाडीतळाला सगळंच सापडतं, फक्त रस्ता ओलांडायला जागा सापडत नाही. तिथल्या एका परमिट रूममध्ये मी वेटरला विचारलं, “वाइन आहे का?” तो म्हणाला, “वाइनच आहे साहेब, दुसरं काय विकतो आपण?” मग मी द्राक्षाची वाइन असा खुलासा केला. त्याने माझ्याकडे, डॉक्टरने पेशंटकडे पाहावं तसं पाहिलं आणि आतून एक बाटली आणली. ती अर्धी भरलेली होती. कधी उघडली, असं विचारल्यावर तो आठवू लागला. “गणपतीत एक मॅडम आल्या होत्या...” म्हणाला. तेव्हा होळी जवळ आली होती.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. व्हिस्कीची बाटली उघडून ठेवली तर ती महिनोन् महिने नवऱ्यासारखी आहे तशीच राहते. वाइनचं तसं नाही. तिला हवा लागली की तीन-चार दिवसांत तिची रया जाते आणि पुढे तिचा व्हिनेगरच्या दिशेने प्रवास सुरू होतो. 750 मिलिलिटरच्या बाटलीत पाच पेले बसतात. पहिला पेला विकला गेला आणि उरलेल्या चारांना गिऱ्हाईक मिळालं नाही, तर पाचव्या पेल्याचा मानकरी कोशिंबीर चाखल्यासारखं तोंड करतो आणि ‘वाइन ही अशीच लागते’ असा समज करून घेऊन घरी जातो. आपल्याकडे वाइनची बदनामी संस्कृतिरक्षकांनी जेवढी केली नसेल तेवढी या पाचव्या पेल्याने केलेली आहे. कोल्ह्याला द्राक्षं आंबट का लागली, याचाही या दृष्टीने फेरविचार व्हावा.

दुसरी जागा एका मॉलच्या वरच्या मजल्यावर होती. तिथे वाइन होती, पेलाही होता, पण गाण्याचा आवाज असा की माझ्या मागणीचं उत्तर म्हणून वेटरने फ्रेंच फ्राइज आणले. तिसरीकडे ‘फॅमिली सेक्शन’ होता. फॅमिली सेक्शन म्हणजे प्लायवूडचा एक आडोसा. त्याच्या एका बाजूला जे चाललेलं असतं तेच दुसऱ्या बाजूला चालतं, पण पनीर जास्त असतं. चौथीकडे लाल वाइन आणून दिली ती ढवळणारे दोन बर्फाचे खडे घालून. मी तक्रार केली तर मालक म्हणाला, “साहेब, पुस्तकात रूम टेंपरेचर लिहिलंय, पण रूम कुठली? आपली एप्रिलमधली?” यात तथ्य होतं. ‘खोलीचं तपमान’ ज्यांनी लिहिलं त्यांच्या खोल्या सोळा-अठरा अंशांवर कुडकुडत असत. हडपसरात पत्र्याखाली ते पस्तिसाच्या वर जातं. म्हणून लाल वाइनही थोडी गार करूनच द्यायची असते. पण गार करणं वेगळं आणि त्यात बर्फ घालून तिचं सरबत करणं वेगळं.

सौ.च्या कसोट्या वेगळ्याच होत्या आणि अनुभवाने सांगतो, त्या जास्त शास्त्रीय होत्या. बायकांचं स्वच्छतागृह कसं आहे? मेनूकार्ड वाचता येईल एवढा उजेड आहे का? शेजारच्या टेबलावरचे लोक वळून वळून बघतात का? “विहीणबाई पहिल्यांदाच असल्या ठिकाणी येणार,” ती म्हणाली, “त्यांना वाटता कामा नये की आपण मुलगी कुठल्या घरात दिली.”

ही भीती अगदीच अवास्तव नव्हती. वाइन म्हणजे दारू की दारू नव्हे, या प्रश्नावर आपलं राज्य अजून एकमत करू शकलेलं नाही. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला परवानगी देण्याचं ठरवलं, शेतकऱ्याचं भलं होईल असं सांगितलं, आणि त्यावर एवढी ओरड झाली की तो निर्णय अमलात आलाच नाही. त्या वादात दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचं नाव घेतलं. व्याह्यांना मात्र कोणी काही विचारलं नाही.

अखेर जागा सापडली ती मगरपट्ट्याच्या बाजूला, एका इमारतीच्या तळमजल्यावर. दहा-बारा टेबलं, गाणं हळू, उजेड बेताचा पण अक्षर दिसण्याइतका. तिथे मी नेहमीचा प्रश्न विचारला : “बाटली कधी उघडली?” काउंटरवरच्या मुलाने न बोलता बाटली फिरवली. तिच्या मानेला कागदी पट्टी चिकटवलेली होती आणि तीवर पेनाने तारीख घातली होती. कालची. आमच्या घरी लोणच्याच्या बरणीलाही अशी पट्टी असते. मी तिथल्या तिथे शनिवारचं टेबल सांगून टाकलं. सौ.ने आत जाऊन तिची पाहणी केली आणि मान हलवली.

शनिवारी व्याही आले ते पांढऱ्या टोपीत. टोपी घालून येऊ का, असं त्यांनी सूनबाईला फोनवर विचारलं होतं. विहीणबाईंनी पदर सारखा केला, खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या आणि वेटर ‘ताई’ म्हणाल्यावर जरा मागे सरकल्या. त्यांनी स्वतःसाठी लिंबू सरबत सांगितलं.

आधी पांढरी आली. वेटरने पेला गोल फिरवून वास घ्यायला सांगितला. “पेरू, लिंबाची फुलं, थोडा मध,” असं त्याने पाठ केल्यासारखं सांगितलं. व्याह्यांनी नाक आत घालून बराच वेळ हुंगलं आणि म्हणाले, “द्राक्षाचा वास कुठं गेला?” वेटरजवळ त्याचं उत्तर नव्हतं. मग व्याह्यांनीच त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. बाग कुठली? ऑक्टोबर छाटणी कधी घेतात? तोडताना साखर किती? मुलगा गोंधळला, पण पळून गेला नाही. खुर्ची ओढून उभ्यानेच टेकला. पुढची दहा मिनिटं एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, अवकाळी पावसाने मण्यांना जाणारे तडे आणि डावणी रोगाचं औषध यांवर व्याख्यान झालं. शेजारच्या टेबलावरचे दोघे संगणकवाले आपलं बोलणं थांबवून ऐकू लागले. सौ.ची तिसरी कसोटी इथे फसली, पण तिने तक्रार केली नाही.

मग लाल आली. व्याह्यांनी एक घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला. आम्ही सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. सूनबाईने माझ्या मुलाचा हात धरलेला मला दिसला.

“सालीची चव हाय,” ते म्हणाले. “बाग तोडली त्या दिवशी एक घड चावून बघितला हुता. त्येच हाय हे.”

कोणीच काही बोललं नाही. विहीणबाईंनी सरबताचा पेला बाजूला ठेवला, नवऱ्याचा पेला उचलला, घोटभर घेतला आणि तोंड वाकडं करून परत दिला. “आमचं द्राक्षासव बरं,” त्या म्हणाल्या. “त्याला दोन चमचे समभाग पाणी, असं माप तरी असतं.” मग सगळे हसले आणि बरं झालं.

बिल आलं तेव्हा व्याह्यांनी ते वाचायला मागितलं. पेल्याला 450 रुपये. पाच पेल्यांचे 2250. एका बाटलीला द्राक्ष लागतं साधारण सव्वा किलो, हे त्यांना ठाऊक होतं. “आमाला किलोला 25 मिळत हुतं,” ते म्हणाले. “म्हंजे एकतीस रुपये आमचे, बाकीचे ह्या खुर्चीचे.” मी त्यांना कर, बाटली, पिंपं, गारवा, जागेचं भाडं वगैरे समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. आमच्या कुळातल्या माणसांनी ते इतक्या शांतपणे ऐकलं नसतं. मग त्यांनी बाटली फिरवून मागची चिठ्ठी वाचायला दिली. सूनबाईने वाचून दाखवली. तीत पेरू होता, मध होता, कशाबरोबर खावं ते होतं.

“शेतकऱ्याचं नाव?” त्यांनी विचारलं.

“नाही, बाबा.”

बाहेर पडताना ते फाटकावरची ‘मगरपट्टा’ ही पाटी बघत थांबले. मी त्यांना माहिती पुरवली की इथे पूर्वी ऊस होता, आणि सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेवर एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र करून स्वतःच हे शहर उभं केलं. त्यातली बहुतेक मंडळी मगर. व्याह्यांनी टोपी सारखी केली. “मग ह्येंचं बरं झालं,” म्हणाले. “पाटीवर नाव तरी हाय.”

रिकामी बाटली विहीणबाईंनी पिशवीत घालून तासगावला नेली. तिच्यात आता मनी प्लांट लावलेला आहे आणि तो चांगला वाढतो आहे, असं पत्रातून नव्हे तर फोटोतून कळलं.

त्या जागेचं नाव मात्र विचारू नका. दहा-बारा टेबलं आहेत. मी नाव सांगायचं आणि तुम्ही शनिवारी येऊन आमच्याच खुर्च्यांवर बसायचं, हा व्यवहार मला मान्य नाही. तुम्ही आपली स्वतःची शोधा. फार कठीण नाही. आत जायचं, बाटली मागायची आणि तिच्या मानेला तारखेची पट्टी आहे का ते बघायचं. नसेल तर लिंबू सरबत सांगायचं. ते हडपसरात कुठेही उत्तम मिळतं.