अर्ल हूकरची करंगळी

लेड झेपेलिन या रॉक बँडच्या पहिल्या अल्बममधलं ‘यू शुक मी’ मी पुण्यात हॉस्टेलवर असताना कॅसेटवर ऐकलं. रॉबर्ट प्लांटचा आवाज आणि जिमी पेजची गिटार एकाच सुरावलीला धरून चालतात, कुणीच कुणाला सोडत नाही. पुढे नोकरीसाठी शिकागोला आलो आणि ब्लूज गायक मडी वॉटर्सचं १९६२चं ‘यू शुक मी’ हाती लागलं. तिथेही तेच, आवाज आणि गिटार यांची तशीच जोडी. जॅझ रेकॉर्ड मार्ट या जुन्या दुकानात ती रेकॉर्ड उलटसुलट करून बघत होतो, तेव्हा शेजारच्या एका वयस्कर गिऱ्हाइकाने विचारलं, “यात आधी काय आलं, माहीत आहे? आवाज की गिटार?”

उत्तर त्यानेच दिलं. आधी गिटार.

ब्लूज गिटारवादक अर्ल हूकरने १९६१मध्ये मेल लंडनच्या ‘एज’ या छोट्या कंपनीसाठी ‘ब्लू गिटार’ नावाची एक रचना वाजवली होती. त्यात गाणं नाही, शब्द नाहीत. बड्या चेस कंपनीला ती आवडली. तिथे गीतकार विली डिक्सनने त्यावर शब्द बसवले आणि तयार ध्वनिमुद्रणावर मडीचा आवाज चढवला. म्हणजे मडी वॉटर्ससारखा गायक तिथे गिटारचं बोट धरून गातो आहे! लेबलवर नाव अर्थातच मडीचं. ‘यू नीड लव्ह’ हे गाणंही असंच हूकरच्या वादनावर आवाज चढवून झालं, आणि झेपेलिनचं ‘होल लॉटा लव्ह’ त्यातूनच निघालं. जगभर कोट्यवधी लोकांच्या कानांवर या माणसाची कल्पना पडलेली आहे. त्याचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

ते गिऱ्हाईक मला त्यांच्या मंडळींत घेऊन गेलं. साउथ साइडला एका घराच्या तळघरात ही माणसं जमायची. एक निवृत्त बसचालक, एक इलेक्ट्रिशियन, शाळेत संगीत शिकवणाऱ्या एक बाई, आणि असेच काही जण. रेकॉर्ड चालू असताना कुणी बोलायचं नाही, हा एकच नियम. बसचालकांनी तरुणपणी हूकरला क्लबमध्ये प्रत्यक्ष ऐकलं होतं. दोन मानांची गिटार गळ्यात अडकवलेला तो सडपातळ माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर अजून होता. त्याचं वर्णन करताना त्यांचा डावा हात आपोआप हवेत सरकायला लागे.

हूकर बोलताना अडखळायचा, त्यामुळे फारसा गायचा नाही. मला त्याच्या वादनाचं मर्म इथेच सापडतं: तो गिटारमधून गातो. आपल्याकडे विलायत खाँच्या सतारीला गायकी अंगाची म्हणतात. कान त्या संस्कारात वाढलेला असला की ‘ब्लू गिटार’ लगेच ओळखीची वाटते. सूर खालून उचलला जातो, मींडेने वर येतो, जागेवर क्षणभर थरथरतो आणि मग श्वास घेतल्यासारखी जागा मोकळी सुटते. ही मोकळी जागा फार महत्त्वाची. त्या काळातले बरेच स्लाइडवादक, म्हणजे बोटात नळी घालून ती तारांवरून सरकवत वाजवणारे, जोरकस होते. एल्मोर जेम्सचा तो प्रसिद्ध धडाका ऐकावा, अंगावर येतो, आणि मला तोही प्रिय आहे. हूकर हलक्या हाताने वाजवतो. एक ओळ म्हणतो आणि थांबतो.

हे हाताला किती अवघड आहे, ते संगीत शिकवणाऱ्या बाईंनी मला गिटार मांडीवर घेऊन दाखवलं. बहुतेक स्लाइडवादक गिटारच्या तारा एका कॉर्डमध्ये जुळवून घेतात. मग नळी सगळ्या तारांवर आडवी ठेवली तरी जे वाजेल ते सुरेलच लागतं. हूकर नेहमीच्या जुळवणीतच स्लाइड वाजवायचा. त्या जुळवणीत नळी आडवी फिरवली तर भलतेच सूर निघतात, म्हणून नको त्या तारा दाबून गप्प कराव्या लागतात आणि एकेक सूर निवडून काढावा लागतो. नळी नेमकी पडद्याच्या तारेवर यावी लागते. केसभर मागेपुढे झाली की सूर चुकला. त्यात हूकरची नळी आखूड, पोलादी, करंगळीत घातलेली. उरलेली तीन बोटं मोकळी, त्यामुळे एकाच गाण्यात तो बोटांनी दाबून वाजवता वाजवता अचानक नळीवर जायचा आणि परत यायचा. स्लाइडचे पहिले धडे त्याने रॉबर्ट नाइटहॉककडून घेतले. ती तलम वळणं तिथली आहेत, पण ही ये-जा त्याची स्वतःची.

तळघरातले काही जण म्हणायचे की धंद्याने त्याला लुटलं. मला ते अर्धंच पटतं. चेससारख्या कंपन्यांनी वादकांच्या नावाची कदर केली नाही हे खरंच. ज्युनियर वेल्सच्या ‘मेसिन विथ द किड’ या गाण्यातली गिटारही हूकरचीच आहे, हे किती जणांना माहीत असतं? पण लोक गाणाऱ्याला लक्षात ठेवतात, हेही तितकंच खरं. आणि त्याच्या आड आला तो क्षय. इतकी वर्षं गावोगाव फिरत वाजवणाऱ्या या माणसाला महिनेच्या महिने इस्पितळात काढावे लागले. बाहेर आल्यावर, १९६८च्या नोव्हेंबरात, त्याने आर्हूली या रेकॉर्ड कंपनीसाठी ‘टू बग्ज अँड अ रोच’ हा अल्बम केला. नावातले ते दोन किडे म्हणजे टीबीच. फुप्फुसं निकामी होत असताना केलेल्या या अल्बममध्ये तो वा-वा पेडल वापरतो, नवं काही शोधतो, त्यात रडगाणं कुठेच नाही. १९६९मध्ये तो युरोपच्या दौऱ्यावर गेला. गोऱ्या तरुणांची ब्लूजवर उडी पडायला लागली होती, मोठे मंच उघडत होते. २१ एप्रिल १९७० रोजी शिकागोत तो गेला. वय जेमतेम चाळीस.

बी. बी. किंग त्याला श्रेष्ठ मानायचे. वादकांमध्ये त्याच्याबद्दल दुमत नव्हतंच. तरीही ऑल्सिपच्या रेस्टव्हेल दफनभूमीत त्याच्या कबरीवर चाळीसहून जास्त वर्षं दगड नव्हता. तिथेच मडी वॉटर्सची कबर आहे आणि लोक तिथे फुलं घेऊन येतात. ब्लूज कलाकारांच्या निनावी कबरींवर दगड बसवणाऱ्या रसिकांनी २०१३मध्ये हूकरचा दगड उभा केला. ब्लूज हॉल ऑफ फेममध्ये तो गेला तोही त्याच वर्षी. आमची मंडळी एका रविवारी तिथे गेली होती. बसचालकांनी दगडावरचं नाव मोठ्याने वाचलं. मला तो दगड पुतळ्यापेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो सरकारने किंवा रेकॉर्ड कंपनीने नाही, ऐकणाऱ्यांनी बसवला आहे.

तुम्हाला ब्लूजची ओळख नसली तरी हरकत नाही. एका संध्याकाळी फोन बाजूला ठेवा आणि आधी ‘ब्लू गिटार’ ऐका, दोनदा. मग मडी वॉटर्सचं ‘यू शुक मी’ लावा आणि त्याच्या आवाजाला वाट कोण दाखवतंय, तिकडे लक्ष द्या. आवडलं तर आणखी कुणाला ऐकवा, आणि ऐकवताना अर्ल हूकर हे नाव जरूर सांगा.