दाण्याचे वळण

'चोखंदळ' हा शब्द मराठीत वाचकाला लावला तर ती स्तुती ठरते आणि जेवायला बसलेल्या पोराला लावला तर तक्रार. पोराच्या बाबतीत आपण तो फारसा वापरतही नाही; तिथे 'नखरे', 'थेर', 'लाड' असे रोखठोक शब्द तयारच असतात. डिस्कस माशाच्या पिल्लांविषयी जे बोलले जाते ते याच दुसऱ्या जातीचे. "फार नखरेल असतात हो," असे सांगतच विकणारा पिशवीला रबर लावतो. आमच्या मते हा शब्द चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्यामुळे पिल्ले उपाशी मरतात. म्हणून हा लेखप्रपंच.

डिस्कस हा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. थाळीसारखा गोल, बाजूने चपटा, 28 ते 30 अंश सेल्सिअसच्या ऊबदार पाण्यात सुखाने राहणारा. आमच्या घरी तो काही वर्षे आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही एका पैदासकाराकडून दोन-दोन इंचांची आठ पिल्ले आणली. ती ट्युबिफेक्सवर वाढलेली होती. ट्युबिफेक्स म्हणजे गाळात वळवळणारे केसासारखे लाल किडे. ते बहुधा गटाराच्या गाळातूनच गोळा होतात आणि माशाच्या पोटात काय काय घेऊन जातील याचा नेम नसतो. त्यामुळे या पिल्लांना लवकरात लवकर कोरड्या दाण्यावर आणणे भाग होते. (दुसरे कारणही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे: दाणा डब्यात राहतो, त्याला फ्रीजमध्ये भाजीशेजारी जागा द्यावी लागत नाही आणि चार दिवस गावी जायचे झाले तर शेजाऱ्यांना चिमूटभर टाका म्हणून सांगता येते. दाण्याची निकड माशाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, माणसाची असते.)

मूल अंगावरून तोडणे हा वाक्प्रयोग आपल्याकडे आहे, आणि त्यातला 'तोडणे' सौम्य नाही. पूर्वी आया कडुलिंबाचा पाला वाटून स्तनाला लावत. इकडे उष्टावणात मामाच्या मांडीवर बसवून खीर चाटवली जाते, तिकडे काही महिन्यांनी कडू चव दिली जाते. अन्नाची ओळख गोडीने आणि जुन्या अन्नाचा वियोग कडवटपणाने, अशी ही विभागणी आहे. डिस्कसच्या पिल्लांनाही असे तोडावे लागते. त्यांचे पहिले अन्न आईबापांच्या अंगावरचेच असते. पोहू लागलेली पिल्ले दोघांच्याही कातडीवरचा बुळबुळीत स्राव टिपून खातात. डब्ल्यू. एच. हिल्डेमान यांनी 1959 मध्ये हा प्रकार शास्त्रीय नियतकालिकात नोंदवला. पुढे 2010 मध्ये ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. अंडी घातल्यानंतर त्या स्रावातील प्रथिने आणि प्रतिपिंडे वाढतात, म्हणजे तो जवळपास दुधाचेच काम करतो, असे त्यांना आढळले. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून आईबाप पिल्लांपासून दूर पोहू लागतात. पाला नाही, कडू नाही. नुसते दूर जाणे. पिल्ले मागे लागतात, काही वेळ पोहोचतात, काही वेळ नाही, आणि त्या मधल्या उपाशी वेळात पाण्यात दुसरे काय आहे ते पाहू लागतात.

टाकीत हे 'दुसरे' म्हणजे आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्ले. खाऱ्या सरोवरांतल्या या सूक्ष्म कोळंबीची अंडी वाळवून डब्यात भरलेली मिळतात आणि मिठाच्या पाण्यात घातली की दीडएक दिवसात नारिंगी ठिपके तरंगू लागतात. गंमत अशी, की जिवंत म्हणून ज्याची प्रशस्ती गायली जाते ते अन्नही आपल्या दारी कोरडेच येते. आर्टेमियानंतर किडे. याचा अर्थ आमच्याकडे आलेली पिल्ले आधीच दोनदा तोडली गेली होती, आणि दोन्ही वेळा त्यांना मिळालेल्या अन्नात एक गोष्ट समान होती: ते हलत होते. आईबापांची कूस हलते, आर्टेमिया हलते, किडा तर वळवळतोच. दाणा मात्र पाण्यावर पडतो, भिजतो आणि तळाशी जाऊन गप्प बसतो.

नखऱ्याचा आरोप इथे कोसळतो. नकार देण्यासाठी समोर अन्न आहे हे आधी कळावे लागते. भरताने रस समजावून सांगताना जेवणाराचाच दाखला घेतला आहे आणि तो जेवणारा 'सुमनस' असावा अशी अपेक्षा ठेवली आहे. आपण वर्गात हा दाखला वर्षानुवर्षे शिकवतो. पण भरताच्या जेवणाराला ताटात आहे ते अन्न आहे एवढे तरी ठाऊक असते. आमच्या पिल्लांना तेवढेही नव्हते. त्यांच्या लेखी दाणा म्हणजे वाळू. 'नीरस' हा शेराही त्यांनी मारला नव्हता; ती नुसती शेजारून पोहत गेली.

यावर सर्वत्र मिळणारा सल्ला एकच: उपाशी ठेवा, भूक लागली की झक मारून खातील. पूर्ण वाढलेला, अंगात चरबी असलेला मासा आठवडाभर उपास सहज काढतो, त्यामुळे हा सल्ला मोठ्यांच्या बाबतीत खपून जातो. वाढीच्या वयातल्या पिल्लाची गोष्ट वेगळी. त्याला दिवसातून अनेकदा खावे लागते. चार-सहा दिवसांत डोळ्यांवरचे कपाळ आत बसते, समोरून पाहिले तर सुरीच्या पात्यासारखी धार दिसते, अंग काळवंडते, आणि मग अन्न समोर आले तरी ते खाण्याची ताकद उरत नाही. भूक शोधायला लावते हे खरे. ओळख मात्र ती करून देत नाही. आणि न खाल्लेला दाणा पाण्यात कुजून अमोनिया वाढवतो तो वेगळाच. म्हणजे उपाशी तर उपाशी, वर विषही.

आम्ही सकाळचीच भूक तेवढी वापरायचे ठरवले. रात्रभर रिकाम्या पोटी राहिलेल्या पिल्लांपुढे आधी दाणा, तोही तोंडात सहज मावेल इतका बारीक. पंधरा मिनिटांत जे उरेल ते रबरी नळीने ओढून बाहेर. दुपारी आणि संध्याकाळी गोठवलेले ब्लडवर्म पोटभर. पहिले तीन दिवस सगळाच दाणा नळीतून बादलीत गेला. चौथ्या दिवशी ब्लडवर्म वितळल्यावर वाटीत उरणारे लाल पाणी आम्ही दाण्यांवर ओतले आणि दहा मिनिटे मुरू दिले. घाटावरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणूनच तर कोरड्यास असते. दाणा मऊ झाला, त्याला ओळखीचा वास आला. तो आम्ही फिल्टरच्या धारेत सोडला, म्हणजे तळाशी जाण्याआधी तो टाकीभर गिरक्या घेत फिरला. एका पिल्लाने त्याच्यावर झडप घातली, तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला. आणि मग गिळला.

पुढचे काम आम्ही केले असे म्हणवत नाही. मासे एकमेकांच्या तोंडाकडे पाहून खातात. एकाने झडप घातली की शेजारचा काय आहे ते न पाहता धावतो, आणि धावल्यावर रिकाम्या तोंडी परतत नाही. आठवड्याच्या आत पाच पिल्ले दाणा खाऊ लागली. किड्यांत मिसळलेल्या दाण्यांचे प्रमाण आम्ही रोज थोडे वाढवत नेले, तेव्हा बाराव्या दिवसापर्यंत आणखी दोन आली. दाणा खाणारा एखादा मोठा डिस्कस त्यांच्यात सोडला असता तर हे लवकर झाले असते, पण नव्या पिल्लांत जुना मासा सोडणे म्हणजे दोघांचेही रोग एकमेकांना वाटणे.

आठवे पिल्लू राहिले. इतर सात धारेखाली जमत तेव्हा ते हीटरच्या मागे तिरके उभे असे. त्याचे कपाळ बसू लागले होते. आठातली सात म्हणजे उत्तम निकाल, असे कोणीही म्हणेल. परीक्षांच्या निकालपत्रकांवरून आपणही तसेच म्हणत असतो. पण त्या पिल्लाला टक्केवारी नव्हती. त्याला आम्ही लहान टाकीत वेगळे काढले, सकाळचा दाणा बंद केला आणि तीन आठवडे दिवसातून चारदा नुसते ब्लडवर्म दिले. दाणा शिकवायचा नाही, आधी अंग भरू द्यायचे. कपाळ भरून आल्यावर ते परत इतरांत सोडले.

आता ते चार इंचांचे आहे. धारेतून गिरक्या घेत येणारा दाणा ते इतरांबरोबर टिपते. तळाशी जाऊन बसलेल्या दाण्यांवर बाकीचे सात पाण्याची फुंकर मारतात आणि ते उडाले की खातात. हे आठवे मात्र त्यांच्याकडे अजूनही पाहत नाही, म्हणून सकाळी फिल्टर पंधरा मिनिटे जास्त वेगाने चालवावा लागतो.